मागचा फाळका

आम्रपालीने पिकअप घेतली तेव्हा ती चालत नव्हती. हे तिला ठाऊक होतं, नवऱ्याला, सुशांतला, ठाऊक होतं, आणि विकणाऱ्या येसाजीने तर पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं की गाडी चार वर्षं एका जागी उभी आहे, इंजिन जाम आहे, बॅटरी मेलेली आहे. पण सांगाडा धडधाकट आणि कागद सरळ. म्हणूनच तर ती त्यांना परवडली. इंजिन सुशांत स्वतः उतरवणार होता. त्याच्या हाताला ते काम येत होतं.

अडचण होती ती गाडी दारात आणायची. गाडी खेडच्या बाजूला एका वाडीत, घर पोलादपूरजवळ, आणि मधे आडवा कशेडीचा घाट.

सुशांत मुंबईत दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. महिन्या-दीड महिन्याने दोन दिवसांसाठी यायचा. चौदा महिन्यांची लेक ऋतिका पहिला दिवसभर त्याच्याकडे बघून ओठ काढायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे त्याच्या मांडीवर बसायची, आणि तेवढ्यात त्याची निघायची वेळ व्हायची. आता मालक त्याला वर्षभर गुजरातच्या फेऱ्यांवर पाठवायचं म्हणत होता. एक तारखेपर्यंत हो किंवा नाही सांग, म्हणाला होता. स्वतःची गाडी दारात उभी असेल तर सुशांत नाही म्हणणार होता आणि घरी येणार होता. नसेल तर गुजरात. एवढं सगळं त्या एका बंद गाडीवर येऊन थांबलं होतं.

आठ दिवस आम्रपाली पोरीला पाजता पाजता फोन लावत होती. गाडी पाठीवर घेऊन येणारा क्रेनवाला जे मागत होता त्यात जुनं इंजिन आलं असतं. चिपळूणहून महाडला रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. तो गाडी आत घालून आणायला कमी पैशात तयार होता, पण गाडी चढवायला तिथे मालाचा उंच धक्का नाही आणि उतरवायला इथे नाही. ट्रॅक्टरवाल्याने घाटाचं नाव ऐकूनच फोन ठेवला. शेवटी वरच्या वाडीतला कोंडाजी म्हणाला की माझी जीप हाय, डिझेल टाका आन् दुपारचं जेवण द्या, टोचन करून आणू. टोचन म्हणजे पुढच्या गाडीला दोर आणि दोराला मागची गाडी. मागच्या गाडीत एक माणूस लागतो, स्टेअरिंग धरायला आणि ब्रेक दाबायला. घरात सुशांतखेरीज लायसन असलेलं माणूस एकच होतं. महाडला बायकांना ड्रायव्हिंग शिकवायचा वर्ग निघाला होता तेव्हा आम्रपालीने लग्नाआधीच ते काढून ठेवलं होतं.

सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, एकच अट घातली. विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं आणि आज त्यांची पाळी होती. सहाच्या आत ये आणि पोरगी ताब्यात घे, म्हणाल्या.

येसाजीच्या अंगणात ती आणि कोंडाजी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता, पण डोंगर दिसत नव्हते. येसाजी साठीचा, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने गाडी धुऊन ठेवली होती. हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या जागेत, चिंध्या घेऊन तो काहीतरी करत होता. जवळ जाऊन पाहिलं तर मागच्या फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या खाली उघडणाऱ्या दाराच्या, साखळीला तो कापड गुंडाळत होता. कडीकडीला, अगदी बाळाच्या पायाला पट्टी बांधावी तसं.

"वाजते," तो म्हणाला. 

कागदावर सह्या झाल्या. गाडीची चावी देताना तो म्हणाला की बोगद्यातनं न्या, जुन्या घाटानं नको. आम्रपाली हो म्हणाली. पण कोंडाजीच्या मनात काही वेगळंच होतं. रॉड लावायचं ठरलं होतं, तो हुकात बसेना म्हणून शेवटी नुसता दोर लावला होता, आणि दोराने बांधलेली गाडी घेऊन बोगद्याच्या तोंडावर कुणी अडवलं, तर दिवस तिथेच जायचा, असं त्याचं म्हणणं. शिवाय आतमध्ये मधोमध दोर तुटला तर मागच्या गाड्या काय ओवाळतील आपल्याला, तो म्हणाला. जुन्या घाटाला आता चिटपाखरू नसतं. आपलाच रस्ता, सावकाश जाऊ.

घाटाच्या पायथ्याला त्याने जीप थांबवून देवीच्या ठाण्यापुढे नारळ फोडला आणि आम्रपालीकडे पाहिलं. ती हसून म्हणाली की मी गाडीत बसून वंदना म्हणते, चालेल ना मामा.

"म्हण म्हण. तुमचा तुमच्याकडनं, आमचा आमच्याकडनं," कोंडाजी म्हणाला. "दोन्हीकडनं असलेलं बरं, गो."

चढ सुरू झाला. बंद गाडी ओढत नेताना आत बसणं म्हणजे काय ते आम्रपालीला त्या दिवशी कळलं. इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही. नुसती टायरची चरचर आणि दोर ताणला की पुढून येणारा कण्हल्यासारखा आवाज. स्टेअरिंग जात्यासारखं जड. ब्रेक तर दगड. इंजिन बंद असलं की तो दाबायला दुप्पट जोर लागतो, हे सुशांतने तिला फोनवर तीनतीनदा बजावलं होतं. हॉर्न वाजत नव्हता. म्हणून फोन चालू ठेवून तिने मांडीवर टाकला होता आणि त्यातून कोंडाजीचं खोकणं ऐकू येत होतं. तेवढीच सोबत.

मोठी वाहतूक बोगद्यात गेल्यापासून या रस्त्याचं कुणी उरलं नव्हतं. वडापावच्या टपऱ्या वेलींनी गिळल्या होत्या. डांबराच्या भेगांतून गवत वर आलं होतं. जिथे रात्रंदिवस ट्रकांची रांग असायची तिथे एक गाय रस्त्याच्या मधोमध बसली होती, आणि जीप अगदी अंगावर आली तरी तिने मान वळवली नाही. ती दरीच्या बाजूला एकटक बघत होती. मग धुकं आलं. आधी दोराचा पुढचा अर्धा भाग गेला, मग जीपचे लाल दिवे गेले, आणि आम्रपालीला वाटायला लागलं की आपल्याला ओढतंय ते दिसत नाही, नुसता एक दोर धुक्यातून निघालाय आणि आपण त्याच्या मागे चाललोय.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे थाप पडली.

गाडीच्या पत्र्यावर, मागच्या बाजूला, बाहेरून. उघड्या तळव्याची एक थाप. टेम्पोच्या मागे उभा राहिलेला माणूस ड्रायव्हरला थांब म्हणायला मारतो, तशीच.

आम्रपालीचा पाय विचार करायच्या आधी ब्रेकवर गेला. दोर ताठ झाला, जीप आचका खाऊन थांबली, आणि फोनमधून कोंडाजीने विचारलं की काय झालं. तिने आरशात पाहिलं. हौदा रिकामा. मागे धुकं. खाली उतरून पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही. दगड पडला असेल वरून, ती म्हणाली आणि परत बसली. ब्रेकवरचा पाय काढला, हॅन्डब्रेक खाली होता, गिअर मोकळा होता. कोंडाजीने जीप ओढली.

पिकअप हलेना. मागची दोन्ही चाकं बसल्या जागी रुतल्यासारखी. जीपचे टायर फिरून फिरून जळका वास सुटला. कोंडाजी उतरून आला, चाकांना लाथा घातल्या, खाली वाकून पाहिलं. चार वर्षं उभी गाडी, ब्रेक धरले असतील, तो म्हणाला, गार झाले की सुटतील. अर्धा तास थांबले. सुटले नाहीत. साडेतीन वाजले. कोंडाजीची बोटं दोराशी चाळा करायला लागली. गाडी इथेच ठेवू, उद्या मेकॅनिक आणू, तो म्हणाला, आणि म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता, धुक्याकडे बघत होता.

या रस्त्यावर रात्रभर सोडलेल्या गाडीची सकाळी चाकंसुद्धा जागेवर राहणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. आम्रपालीच्या छातीत दूध भरून आलं होतं, ब्लाउज ओला झाला होता. पोरीची वेळ झाली होती. तिने स्पीकरवर येसाजीला फोन लावला. ब्रेक कसे सोडवायचे विचारायला, बाकी काही नाही.

कुठे थांबलाय, त्याने विचारलं. तिने सांगितलं: माथ्याच्या अलीकडे, डाव्या हाताला पत्र्याची बंद टपरी आहे, तिच्यासमोर.   मग येसाजी बोलायला लागला, आणि अंगणात चार शब्द न बोललेला माणूस थांबेना.

त्याच्या बायकोला, तुळजाबाईला, केबिनमध्ये गाडी लागायची. म्हणून ती कायम मागे उभी राहायची, हौद्यात, माल सांभाळत. दोघांचं ठरलेलं होतं. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. वीस वर्षं, आधी दुसऱ्या गाडीत आणि मग या गाडीत, दोन थापा आल्याशिवाय त्याने कधी गिअर टाकला नाही. चार वर्षांपूर्वी श्रावणात त्यांची लेक बाळंत झाली. लेक सारिका, दिलेली घाटाखालच्या वाडीत, पोलादपूरच्या अंगाला. तुळजाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाली. त्याच टपरीपाशी तिने एक थाप मारली. आडोशाला जायचं असेल. फाळका उघडून उतरली. साखळी लोंबती राहिली. वारा होता. साखळी पत्र्यावर आपटली, दोनदा.

"मी निघालो," येसाजी म्हणाला. "मागं बघितलं पन नाय."

ती धुक्यात गाडीमागे धावली. पाठून येणाऱ्या ट्रकला ती दिसली नाही. ती गाडीत नाही हे येसाजीला खालच्या वाडीत पोचल्यावर, लेकीच्या दारात फाळका उघडल्यावर कळलं.

आम्रपाली टपरीकडे पाठ करून उभी होती. आता मात्र तिला वळवेना.

"पोरी," येसाजी म्हणाला, "फाळका उघड. आन् घाई करू नको. ती चढली की सांगंल."

फोन बंद झाला. कोंडाजीने सगळं ऐकलं होतं. तो जीपमध्ये जाऊन बसला होता आणि काच वर केली होती. आम्रपालीच्या घरात भूत हा शब्द चेष्टेतसुद्धा चालत नसे. सासूबाई म्हणायच्या, जे दिसत नाही त्याला घाबरायचं नाही, जे दिसतं त्यालाच पुरून उरायचंय. तिने तसं मनाशी म्हणूनही पाहिलं.  मग तिच्या मनात आलं की बाई असो नाहीतर नसो, लेकीकडे निघालेल्या बाईसाठी फाळका उघडायला आपलं काय जातं.

ती मागे गेली. खिट्ट्या काढल्या. चिंध्यांची साखळी आवाज न करता सुटली. फाळका खाली आला.

"या आई," ती हळू म्हणाली. "मी थांबलेय."

काही झालं नाही. धुक्याचे थेंब पत्र्यावर साचत होते. ती थांबली. मांडीत गोळे यायला लागले तरी थांबली. मग मागच्या स्प्रिंगांचे पाटे कुरकुरले आणि गाडी बोटभर खाली बसली, कुणी वजन टाकून चढावं तशी. सुंठीचा आणि तुपाचा वास नाकाशी येऊन गेला. आम्रपालीने फाळका लावला, खिट्ट्या घातल्या, आणि मागे न बघता केबिनमध्ये येऊन बसली. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

डोक्यामागच्या पत्र्यावर थापा पडल्या. दोन. सावकाश, बांगड्यांसकट.

तिने कोंडाजीला परत फोन लावून चला म्हटलं आणि फोन मांडीवर टाकला. जीपने ओढ घेतली, आणि पिकअप अशी निघाली की जणू कधी अडलीच नव्हती. ब्रेक गार झाले, कोंडाजी फोनमधून म्हणाला. हो मामा, ती म्हणाली. माथा ओलांडला तशी रेंज गेली आणि कोंडाजीचा आवाजही गेला.

उतारावर टोचनचं काम अवघड. आता मागची गाडी पुढचीवर धावून जायला बघते, म्हणून मागच्याने सतत ब्रेक धरून दोर ताठ ठेवायचा. आम्रपाली सीटच्या कडेवर सरकून दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होती. आरशात बघायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. पण गाडी हलकी नव्हती, भरलेली होती, हे तिला वळणावळणावर कळत होतं. रिकामा हौदा खड्ड्यात उडतो, खडखडतो. हा दबून चालला होता. मागे उभं राहिलेलं माणूस वळणाला तोल सावरतं, तसा तो भार इकडून तिकडे जात होता. एकदा तिने नकळत वळण जास्त हळू घेतलं. नंतर लक्षात आलं की आपण कुणी पडू नये म्हणून तसं केलं.

सहा-सात वळणं झाली. धुकं जरा फाटलं आणि डावीकडे खाली जाणारी एक पायवाट दिसली, दगडांच्या पायऱ्यांसारखी, आणि तिच्या तळाशी कौलं, सारिकाची वाडी असावी. तेवढ्यात थाप पडली. एक.

 इथे थांबायचं म्हणजे चालत्या जीपच्या विरुद्ध भर उतारावर गाडी रोखायची. कोंडाजीला सांगायला फोन नाही, हॉर्न नाही. तिने हात बाहेर काढून हलवला. पुढच्या धुक्यात तो कुणाला दिसणार. दोर जुना होता. तुटला आणि ब्रेकने दगा दिला तर पुढचं वळण दरीवर उघडं होतं. गाडी जायची. सुशांत गुजरातला जायचा. आणि ती स्वतः गाडीतच होती. पोरगी सासूबाईंच्या कडेवर रस्त्याकडे बघत असेल. पुढे जाऊ, तिला वाटलं. खाली सपाटीला गेल्यावर थांबू, तिथून ती चालत येईल. मेलेल्या माणसाला चार पावलं जास्त ती काय.

मग येसाजीचा आवाज आठवला. मी निघालो, तो म्हणाला होता. मागं बघितलं पन नाय.

तिने दोन्ही पाय ब्रेकवर घट्ट रोवले, पाठ सीटला टेकवली आणि हॅन्डब्रेक खांद्यापासून जोर लावून ओढला. टायर किंचाळले. दोर ताणला, आणखी ताणला, आणि बंदुकीसारखा आवाज करून तुटला. त्याचं टोक सापासारखं उसळून बॉनेटवर आपटलं. जीप धुक्यात गेली. पिकअप दोन हात घसरली, आडवी होऊ बघितली आणि थांबली.

ती उतरली. आधी पुढच्या चाकांना दगड लावले, मग मागे गेली आणि फाळका उघडला.

"आलं बघा तुमचं," ती म्हणाली.

पाटे कुरकुरले. गाडी बोटभर वर आली.

वाटेवरचं ओलं गवत एका बाजूला कलत गेलं, खाली, आणखी खाली. तळाशी एक कुत्रं भुंकायला लागलं आणि मधेच गप्प झालं. कुणाच्या तरी घरात एक लहान मूल हसलं, चारेक वर्षांचं असावं. एकटंच हसत होतं ते, कुणीतरी समोर बसून हसवावं तसं, थांबून थांबून. आम्रपाली ऐकत राहिली. तिला वेळेचं भान राहिलं नाही. मग हसणं थांबलं, आणि पाऊस पडायला लागला.

आता मागे कुणी नव्हतं. तिने फाळका लावला. चाकांचे दगड काढून रस्त्याकडेला ठेवले. केबिनकडे जाता जाता थबकली, आणि आपल्याच तळव्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या. मग आत बसली, हॅन्डब्रेक सोडला, आणि उतारावर गाडी आपली आपण चालायला लागली.

आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी घाट उतरत होती. इंजिन नाही, दोर नाही, आवाज नाही. ब्रेकवर दोन पाय आणि समोर जेवढं धुकं देईल तेवढा रस्ता. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्यानंतर रस्ता जरा सपाट झाला आणि धुक्यात लाल दिवे दिसले. जीप कडेला उभी होती. कोंडाजी तुटका दोर हातात घेऊन रस्त्यावर पाठमोरा उभा होता, घाटाकडे परत जावं की न जावं या विचारात. गाडीचा आवाज नाहीच, म्हणून त्याला चाहूल लागली ती अगदी जवळ आल्यावर. त्याने वळून पाहिलं. धुक्यातून ती पांढरी पिकअप ओढणाऱ्याविना, घरघरीविना, त्याच्याकडे चालत येत होती.

कोंडाजीने दोर टाकला आणि गटारात उडी मारली. तिथून त्याने आपल्या सगळ्या देवांची नावं घेतली, आणि ती कमी पडतील असं वाटलं की काय, एकदा बुद्धाचंही घेतलं.

गाडी त्याच्या पुढ्यात थांबली. आम्रपालीने खिडकीतून डोकं काढलं.

"मामा, मीच आहे. वर या."

तो बऱ्याच वेळाने वर आला. चिखलाने माखलेला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग हौद्याकडे, मग परत तिच्याकडे.

"एकटीच हायेस ना गो?"

"आता एकटीच आहे," ती म्हणाली.

आता हा शब्द कोंडाजीने ऐकला.  दोराची उरलेली टोकं दुहेरी करून, नीट गाठी मारून, त्याने गाड्या जोडल्या आणि जीपमध्ये जाऊन बसला. महामार्ग लागला तशी मांडीवरच्या फोनला रेंज आली. सुशांतचे तीन मेसेज एकामागोमाग वाजले. पोचली का. पोचली का गाडी. आमू, बोल काहीतरी.

साडेपाच झाले होते. आम्रपालीने एका हाताने स्टेअरिंग धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिलं: गाडी आली. मालकाला नाही सांग.